नाव नंतर, फासा आधी: जुने कॅसिनो फासे शोधणं, पारखणं आणि टिकवणं

जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेच्या कपाटात लाल पारदर्शक फासा दिसला की नजर आधी त्याच्यावरच्या नावाकडे जाते. सॅन्ड्स, ड्यून्स, स्टारडस्ट, डेझर्ट इन. लास व्हेगासमधली ही कॅसिनो आता जमीनदोस्त झाली आहेत, त्यामुळे ते नाव वाचूनच खिशाकडे हात जातो. नेमकी इथेच फसगत होते. फाशावर नाव छापणं सोपं आहे, कॅसिनोच्या मोजमापाचा फासा घडवणं अवघड. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी माप, धार, ठिपके, वजन आणि पदार्थ बघा, नाव सगळ्यात शेवटी वाचा.

कॅसिनोचा फासा कसा असतो

क्रॅप्स या फाशांच्या जुगाराच्या टेबलावरचा फासा साधारण पाऊण इंचाचा, म्हणजे 19.05 मिमीचा असतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या नियमांत प्रत्येक बाजू 0.750 ते 0.775 इंचाच्या दरम्यान असावी असं सांगितलं आहे. जुन्या क्लबांतले 5/8 इंचाचे फासेही बरेच सापडतात. कडा धारदार आणि काटकोनी असतात. बोटाच्या पेराला हलकेच टोचत नसेल, तर तो फासा एक तर खूप वापरलेला आहे किंवा मुळात कॅसिनोचा नाही. घरगुती खेळांच्या खोक्यातले फासे गोल कोपऱ्यांचे असतात, कारण ते साच्यात ओतून काढतात आणि त्यांत नेमकेपणाची गरज नसते.

ठिपके नीट बघा. घरगुती फाशात ठिपका म्हणजे रंगवलेला खळगा. सहाच्या बाजूने सहा खळग्यांचा माल कमी झालेला असतो आणि एकच्या बाजूने एकाचाच, त्यामुळे तो फासा किंचित का होईना, पण असमतोल असतो. कॅसिनोच्या फाशात ठिपक्यासाठी साधारण 0.017 इंच खोल भोक पाडतात, जेवढा माल निघाला तेवढ्याच वजनाचा रंगीत माल त्यात भरतात आणि मग पृष्ठभाग घासून सपाट करतात. डोळे मिटून नख फिरवलं तर ठिपका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळत नाही. काही जुन्या फाशांत ठिपक्याभोवती एक-दोन वर्तुळं असतात, त्यांना ‘पक्ष्याचा डोळा’ म्हणतात. असे ठिपके दिसले की थांबून बघण्यासारखं काहीतरी हाती आलं आहे असं समजा.

पृष्ठभागाचे दोन प्रकार आहेत. एक आरशासारखा गुळगुळीत, ज्यातून आरपार स्वच्छ दिसतं, आणि दुसरा वाळूने घासल्यासारखा धूसर. धूसर फासा बघून तो झिजला आहे असा समज होतो. भिंगाखाली फरक कळतो. कारखान्यातली धूसर घासणी सगळ्या बाजूंवर सारखी असते. वापराचे ओरखडे कुठेही, कसेही आणि कडांजवळ जास्त असतात.

रंग बहुतेक वेळा लाल. हिरवा, निळा, अंबर, जांभळा आणि बिनरंगी पारदर्शकही मिळतात. रंगावरून वय ठरवायला जाऊ नका.

आता ठिपक्यांची मांडणी. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 झालीच पाहिजे. मग 1, 2 आणि 3 जिथे एकत्र येतात तो कोपरा स्वतःकडे धरा. अमेरिकन कॅसिनोच्या फाशात 1-2-3 हा क्रम घड्याळाच्या उलट दिशेने जातो, पूर्व आशियातल्या अनेक फाशांत घड्याळाच्या दिशेने. ज्या फाशावर लास व्हेगासचं नाव आहे आणि क्रम घड्याळाच्या दिशेने आहे, तो ताबडतोब बाजूला ठेवा.

पदार्थ ओळखणं: इथे वेळ घालवा

पारदर्शक जुने फासे मुख्यतः दोन पदार्थांचे असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेल्युलोज नायट्रेट, म्हणजे ज्याला आपण सेल्युलॉइड म्हणतो ते, मोठ्या प्रमाणात वापरलं जात होतं. त्यानंतर सेल्युलोज ॲसिटेट आलं आणि आजचे कॅसिनो फासेही त्याचेच असतात. याशिवाय आठवणवस्तूंच्या दुकानांतले ॲक्रिलिकचे फासे. हे तीन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

वजन आणि आकारमान यांवरून हे बऱ्यापैकी ठरवता येतं. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा आणि डिजिटल कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, एवढंच लागतं. तिन्ही दिशांनी मोजा, सेंटीमीटरमध्ये लिहा, तिन्ही आकडे गुणा. 19.05 मिमीचा फासा म्हणजे 1.905 × 1.905 × 1.905 = 6.91 घन सेंमी. वजनाला या आकड्याने भागा. भागाकार 1.28 ते 1.32 आला तर ॲसिटेट, 1.35 ते 1.40 आला तर नायट्रेट, 1.18 च्या आसपास आला तर ॲक्रिलिक. म्हणजे पाऊण इंचाचा ॲसिटेटचा फासा 9 ग्रॅमच्या जवळ, नायट्रेटचा साडेनऊच्या जवळ आणि ॲक्रिलिकचा सव्वाआठच्या आतच भरतो.

यात चूक होते ती मापात. बाजू 0.1 मिमीने चुकली की भागाकार 0.02 ने हलतो आणि ॲसिटेट-नायट्रेटमधली सीमा पुसट होते. कॅलिपर आवळून दाबू नका, त्याने माप चुकतं आणि फाशाच्या कडेला खाच पडते. कॅसिनोने वापरातून काढून रद्द केलेल्या फाशाला आरपार भोक असेल तर तेही धरा. 3 मिमी व्यासाचं आरपार भोक सुमारे 0.13 घन सेंमी माल काढून नेतं, तेवढं आकारमानातून वजा करा. नाहीतर नायट्रेटचा फासा ॲसिटेट वाटेल.

दुसरी कसोटी वासाची. फाशाची एक बाजू सुती कापडावर वीस-पंचवीस वेळा घासा आणि गरम असतानाच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर नायट्रेट, कारण सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूरच मिसळतात. देवघरातला कापूर ज्या नाकाला ओळखीचा आहे त्याला हा वास लगेच पकडता येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट, आणि तोही बिघडायला लागलेला. दुकानात मालकाला विचारूनच घासा. बाजू सपाट धरा, छापलेलं नाव कापडावर येऊ देऊ नका.

तापलेल्या सुईची कसोटी कुठे कुठे सुचवलेली दिसते. ती कधीही करू नका. नायट्रेट भडकन पेटतं. मिठाच्या पाण्यात फासा तरंगवून जड बाजू शोधायची युक्तीही इथे निरुपयोगी आहे. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलं तरी पाण्याची घनता 1.2 च्या पुढे जात नाही, आणि 1.3 चा ॲसिटेटचा फासा सरळ तळाशी जातो. वर फासा भिजतो तो वेगळाच.

नायट्रेटचा आजार

हा भाग सावकाश वाचा, कारण फाशांचे संग्रह सगळ्यात जास्त याच्यामुळे गेले आहेत. नायट्रेटचा फासा पन्नास-साठ वर्षं ठणठणीत राहतो आणि मग काही महिन्यांत ढासळतो. सुरुवात बारीक असते. उजेडासमोर धरून हळूहळू फिरवलं की आत कुठेतरी, बहुधा कोपऱ्याजवळ, केसासारखी चमकती रेघ दिसते. पुढे एकाच्या दोन, दोनाच्या दहा होतात आणि आत बारीक चौकोनी तुकड्यांचं जाळं तयार होतं, अपघातात गाडीची काच तडकते तसं. लाल रंग फिका किंवा तपकिरी होतो, पृष्ठभागाला चिकट घाम येतो, एखादा ठिपका सुटून पडतो. शेवटी बोटाने उचलायला गेलं तर कोपरा वाळूसारखा हातात येतो.

कारण रासायनिक आहे. नायट्रेट विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या मालाचं विघटन आणखी वाढवतं. बंद डबीत हा वायू कोंडतो, म्हणून एक फासा बिघडला की शेजारचेही बिघडतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसंच. जवळची पितळी वस्तू हिरवी पडली असेल, डबीतला कागद पिवळा होऊन तुटत असेल किंवा खिळा गंजला असेल, तर फासा वरून कितीही देखणा असो, आतून सुरुवात झालेली असते. दुकानात आधी डबीकडे बघा, मग फाशाकडे.

आत रेघा सुरू झालेला फासा विकत घ्यायचा का? नाव फार दुर्मिळ असेल आणि किंमत नगण्य असेल तर फोटोसाठी घ्या, पण बाकीच्या संग्रहात एक तासही ठेवू नका. एरवी हात आखडता घेतलेला बरा.

दुकानात कुठे बघायचं

खजिना अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जास्त. तिथे जुगार 1931 मध्ये कायदेशीर झाला आणि लास व्हेगास, रीनो या शहरांतून फासे सगळ्या देशभर पर्यटकांच्या खिशातून गेले. न्यू जर्सीत ॲटलांटिक सिटीचं पहिलं कॅसिनो 1978 मध्ये उघडलं, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या दुकानांत ती नावं जास्त मिळतात. पण फासा छोटा असतो, कुठेही जातो. मध्य-पश्चिमेतल्या एखाद्या गावातल्या दुकानातही रीनोचा फासा निघतो, कारण कुणीतरी कधीतरी सहलीवरून आणलेला असतो.

काचेच्या कपाटात जे मांडलं आहे ते सगळ्यांना दिसतं. आणि जे मांडलेलं नाही ते शोधायला वेळ द्या. दाढीच्या सामानाच्या जुन्या पिशव्या, सिगारचे डबे, बटणांच्या बरण्या, शिवणाचे पत्र्याचे डबे, पोकर चिप्सचे (जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचे) गोल स्टँड, खेळांची अर्धवट खोकी, मृत माणसाच्या टेबलाच्या खणातलं सरसकट विकायला ठेवलेलं सामान. या जागांत फासा ‘फासा’ म्हणून नव्हे, किरकोळ वस्तू म्हणून पडलेला असतो. दुकानदाराला नुसतं “फासे आहेत का?” असं विचारलं तर बहुधा नाही म्हणेल. जुगाराचं सामान, बारचं सामान, जाहिरातीच्या वस्तू, हॉटेलांच्या आठवणवस्तू आणि काडेपेट्या कुठे आहेत ते विचारा. हॉटेलच्या काडेपेट्या आणि राखदाण्या जमवलेल्या माणसाच्या सामानात फासे हमखास असतात.

अमेरिकेतल्या अँटिक मॉलमध्ये एकाच छपराखाली पन्नास-शंभर विक्रेत्यांचे गाळे असतात आणि विक्रेता स्वतः तिथे नसतो. काउंटरवरच्या माणसाला किंमत ठरवायचा अधिकार बहुधा थोड्याच सवलतीपुरता असतो. जास्त कमी करून हवं असेल तर विक्रेत्याला फोन लावायला सांगा, आकडा आधीच मनात ठरवून ठेवा आणि एकाऐवजी गाळ्यातले तीन-चार फासे एकत्र मागा. किंमत कमी व्हायला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. कपाट उघडून घ्यायला संकोचू नका. काचेबाहेरून फासा पारखता येत नाही.

सोबत न्यायचं सामान: दहापट मोठं दाखवणारं भिंग, डिजिटल कॅलिपर, छोटा काटा, लहान अतिनील टॉर्च, छोटं चुंबक, सुती कापडाचा तुकडा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या काही पिशव्या. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या नकोत, त्यातलं तेलकट द्रव्य फाशाला चिकटतं. फासा विकत घेतल्यावर तो बंद गाडीत उन्हात ठेवू नका. नेवाडाच्या उन्हाळ्यात गाडीच्या आतली उष्णता नायट्रेटला बिघडवायला आणि ॲसिटेट वाकवायला पुरेशी असते.

एक फासा हातात घेऊन

समजा पाऊण इंचाचा लाल पारदर्शक फासा समोर आहे, त्यावर सोनेरी अक्षरांत एका बंद पडलेल्या कॅसिनोचं नाव आहे आणि एका बाजूला चार-पाच आकडी क्रमांक. नावाकडे अजून बघू नका. कड बोटाने तपासा. ठिपक्यांवर नख फिरवा. बेरीज आणि 1-2-3 ची दिशा बघा. तिन्ही दिशांनी मोजा आणि वजन करा. साच्याची शिवण किंवा ओतल्याची खूण दिसते का ते भिंगाखाली शोधा. दिसली तर फासा ओतीव आहे, कॅसिनोचा नाही.

आता नाव. कॅसिनोच्या फाशावर नाव गरम ठशाने उमटवतात, त्यामुळे अक्षरं पृष्ठभागात किंचित दबलेली असतात. भिंग तिरकं धरून बघा: ओरखडा अक्षरांवरून जातो की अक्षरांखालून? वापरलेल्या फाशावर ओरखडे अक्षरांनाही कापून गेलेले असतात. जुन्या ओरखड्यांवर चमकदार, अखंड सोनेरी रंग बसलेला दिसला तर नाव नंतर छापलेलं आहे, मग विक्रेता काहीही सांगो. साध्या फाशाला बंद कॅसिनोचं नाव देऊन विकण्याचा प्रकार असाच पकडता येतो.

फासा उजेडासमोर धरून एका बाजूने आत बघा. काही फाशांत ठिपक्याच्या आतल्या अंगाला छोटं अक्षर किंवा खूण असते, ती समोरच्या बाजूच्या काचेसारख्या पृष्ठभागातून दिसते. बाहेरचा फासा टेबलावर घुसवला गेला तर कॅसिनोला लगेच ओळखता यावा म्हणून ही सोय. अतिनील टॉर्चखाली काही फाशांचे ठिपके चमकतात, तेही त्याच कारणाने.

मग क्रमांक. कॅसिनोला फासे पाचाच्या जुडीत येतात आणि पाचही फाशांवर एकच क्रमांक असतो. टेबलावरही खेळणाऱ्यासमोर पाच-सहा फासे सरकवतात आणि तो त्यातून दोन उचलतो. त्यामुळे जुळणाऱ्या क्रमांकाची जोडी सुट्या दोन फाशांपेक्षा जास्त मोलाची, पाचाची जुडी त्याहून जास्त आणि कागदात किंवा वर्खात गुंडाळलेली न उघडलेली जुडी सगळ्यात जास्त. “जोडी” म्हणून विकायला ठेवलेल्या फाशांचे क्रमांक जुळतात का ते आधी बघा. आकार सारखा, रंग सारखा, पण क्रमांक वेगळा, हे फार वेळा दिसतं.

शेवटी रद्द केल्याची खूण. फासे टेबलावर थोडेच तास राहतात. न्यू जर्सीत कमाल मर्यादा 24 तासांची आहे. त्यानंतर कॅसिनो फासा रद्द करतं: आरपार भोक पाडतं, एखाद्या बाजूवर गोल ठसा मारतं किंवा रेघ ओढतं. भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात ते रद्द केलेलेच. रद्द न केलेला जुना फासा दुर्मिळ आणि महाग. पण रद्द केलेल्याला कमी लेखू नका. ती खूण म्हणजे फासा खरोखर टेबलावरून आला याचा पुरावा असते, आणि बनावट नाव छापणारे बहुधा हा खटाटोप करत नाहीत. रद्द न झालेले फासे घेऊन चुकूनही कॅसिनोच्या टेबलाजवळ जाऊ नका. तिथे ते फसवणुकीचं साधन समजलं जाऊ शकतं.

नावावरून काळ ठरवणं

इथे कॅसिनोचा इतिहास उपयोगी पडतो. ड्यून्स 1955 मध्ये उघडलं आणि ऑक्टोबर 1993 मध्ये पाडलं. स्टारडस्ट 1958 ते 2006. सॅन्ड्स 1952 ते 1996. डेझर्ट इन 1950 ते 2000. लँडमार्क 1969 ते 1990. रीनोचं हॅरोल्ड्स क्लब 1935 ते 1995. मूलँ रूज हे वंशभेद न पाळणारं लास व्हेगासमधलं पहिलं हॉटेल-कॅसिनो 1955 मध्ये काही महिनेच चाललं, त्यामुळे त्याच्या नावाचा फासा समोर आला तर दुप्पट संशयाने तपासा. एवढ्या थोड्या काळात फार फासे वापरले गेलेच नसणार.

सावध राहायचं ते दोनदा वापरल्या गेलेल्या नावांबाबत. सहारा 1952 ते 2011 चाललं, मग त्याच जागी दुसऱ्या नावाने 2014 मध्ये उघडलं आणि 2019 मध्ये पुन्हा सहारा झालं. नव्या सहाराचा फासा जुना म्हणून विकणं सोपं आहे. एमजीएम ग्रँड दोन आहेत: पहिलं 1973 चं, ज्याला 1980 मध्ये भीषण आग लागली आणि जे 1986 मध्ये बॅलीज झालं, आणि दुसरं 1993 मध्ये दुसऱ्या जागी उघडलेलं. उलट लास व्हेगास हिल्टन हे कॅसिनो या नावाने 1971 ते 2012 चाललं, तिथे गोंधळ कमी.

नावाऐवजी नुसती आद्याक्षरं असलेले फासेही सापडतात. ते बहुधा खासगी किंवा बेकायदा क्लबांचे. त्यांचा माग लावणं फार कठीण, पण त्याच आद्याक्षरांची चिप मिळाली तर दुवा जुळतो. बनवणाऱ्यांची नावं मात्र लक्षात ठेवा: लॉस एंजेलिसची टी. आर. किंग, शिकागोची एच. सी. इव्हान्स आणि के. सी. कार्ड, लास व्हेगासची पॉल-सन आणि बड जोन्स. यांची जुनी खोकी, गुंडाळ्या आणि कॅटलॉग फाशांइतकेच जपण्यासारखे आहेत. खोकं टाकून फासे तेवढे घेणं ही मोठी चूक.

फसवे फासे

इव्हान्स आणि के. सी. कार्ड यांच्या जुन्या कॅटलॉगांत फसवणुकीचे फासे उघडपणे विकायला असत, म्हणून दुकानातल्या जुन्या फाशांत ते मिसळलेले असणं नवलाचं नाही. पारदर्शक आहे म्हणजे प्रामाणिक आहे असं नाही. जड धातू ठिपक्यांच्या रंगाखाली दडवता येतो. फाशाचे समोरासमोरचे दोन कोपरे अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत अगदी हलके धरा आणि सुटू दिल्यासारखं करा. जड बाजू असेल तर फासा झोका घेत दर वेळी तीच बाजू खाली आणतो. चारही कर्णांवर करा, एका कर्णावरच केलं तर दोष निसटतो. चुंबक जवळ नेऊन बघा. मापात एक बाजू इतरांपेक्षा 0.05 मिमीहून जास्त वेगळी भरली तर घासून चपटी केलेली असू शकते. घरगुती कॅलिपरच्या मापात थोडी चूक होऊ शकते, म्हणून याहून बारीक फरकावरून आरोप करू नका. काही फाशांवर मुद्दाम चुकीचे ठिपके असतात, उदाहरणार्थ 2, 4, 6 दोनदोनदा आणि विषम आकडे गायबच. तीनच बाजू एका वेळी दिसतात म्हणून ते टेबलावर खपून जात.

हे फासे स्वतःच संग्रहाचा स्वतंत्र विभाग होऊ शकतात. फक्त वेगळ्या खोक्यात, स्पष्ट चिठ्ठी लावून ठेवा.

स्वच्छता

जितकी कमी तितकी बरी. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा. चिकट मळ असेल तर किंचित ओलसर कापड, त्यावर साबणाचा एक थेंब, आणि लगेच कोरडं पुसा. नेलपॉलिश काढायचं द्रव्य, म्हणजे ॲसिटोन, ॲसिटेट आणि नायट्रेट दोन्हींना विरघळवतं. एका थेंबात पृष्ठभाग कायमचा धूसर होतो. अल्कोहोल आणि काच पुसायचे फवारेही लांब ठेवा, सोनेरी अक्षरं त्यांनी निघून येतात. दुकानाची किमतीची चिठ्ठी तोंडाच्या वाफेने ओलसर करून हळूहळू उचला, उरलेला डिंक बोटाच्या टोकाने गोळ्या करत काढा. नखाने खरवडलं तर ओरखडा नक्की.

पॉलिश करून चमकवलेला फासा संग्राहकाच्या दृष्टीने बिघडवलेला असतो. कडा गोल होतात आणि मूळ घासणी जाते.

ठेवणं आणि नोंद

नायट्रेट आणि ॲसिटेट कधीही एकत्र नको. नायट्रेटचे फासे हवेशीर खोक्यात, आम्लरहित कागदावर, एकमेकांना न टेकता ठेवा. हवाबंद डबी त्यांचा घात करते. जवळ सक्रिय कोळशाची पुडी ठेवली तर निघणारा वायू काही प्रमाणात शोषला जातो. चिप्स, नाणी आणि पितळी वस्तू दुसऱ्या कपाटात. ॲसिटेटचे फासे पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत चालतात. दोन्हींना गारवा, अंधार आणि बेताचा कोरडेपणा हवा, 40 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता चांगली. उन्हात येणारी शोकेस नको, लाल रंग फिका पडतो.

न उघडलेल्या जुडीचा प्रश्न नेहमी पडतो. ॲसिटेटची असेल तर उघडू नका. नायट्रेटची असल्याची शंका असेल तर आमचं मत उघडण्याच्या बाजूचं आहे: वर्खाच्या आत वायू कोंडून पाचही फासे जाण्यापेक्षा गुंडाळी जपून सोडवलेली बरी. ती फाडू नका, सपाट करून वेगळी ठेवा आणि सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

प्रत्येक फाशाची नोंद घेतल्याच दिवशी करा. सहाही बाजूंचे फोटो, तीन मापं, वजन, काढलेली घनता, रंग, घासणी, ठिपक्यांचा प्रकार, नाव, क्रमांक, रद्द केल्याची खूण, कुठून आणि कितीला घेतला. पुढे फासा विकायचा झाला किंवा बिघडतो आहे का हे ठरवायचं झालं, तर याच आकड्यांशी तुलना होते. ॲसिटेट जुनं होताना आकसतं, म्हणून 19.05 चा फासा पाच वर्षांनी 18.95 भरला तर तो बिघडू लागला आहे.

वर्षातून दोनदा सगळे फासे उजेडासमोर फिरवून बघा आणि खोकं उघडताच वास घ्या. चित्रपटांच्या रिळांसाठी बनवलेल्या आम्लदर्शक पट्ट्या मिळतात. ॲसिटेटच्या खोक्यात त्यातली एक चोवीस तास ठेवली तर निळी पट्टी आम्ल असेल तसतशी हिरवी आणि मग पिवळी होते. हिरवी झाली की त्या खोक्यातला प्रत्येक फासा वेगळा करून नव्या पट्टीने एकेक तपासा. पूर्ण ढासळलेला नायट्रेटचा फासा हातमोजे घालून उचला, थोडं झाकण उघडं राहील अशा काचेच्या बरणीत घराबाहेर, उष्णतेपासून लांब ठेवा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्या स्थानिक कार्यालयाला विचारून द्या. कचऱ्याच्या डब्यात किंवा आगीत टाकू नका.